बंद दारामागची कोळंबी

अकोल्यातल्या एका फ्लॅटमध्ये काचेचा एक छोटा समुद्र होता, आणि त्या समुद्रात एक कोळंबी राहत असे. खरा समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. हा समुद्र बादलीत मीठ कालवून केलेला, चार फूट लांब आणि दीड फूट उंच, आणि उन्हाळ्यात तो तापू नये म्हणून त्याच्यावर दिवसभर दोन पंखे फिरायचे. कोळंबी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कालवणाची वाटी आली असेल, तर ती आधी बाजूला करा. ही मँटिस कोळंबी होती. वीतभर लांब, हिरवी-निळी, पायांकडे लालसर. देठावरचे दोन डोळे ती एकाच वेळी दोन वेगळ्या दिशांना फिरवायची आणि दोन मुठी छातीशी घडी करून बसायची. ती मूठ एकदा सुटली की शिंपला फुटलाच समजा. म्हणून टाकीची काचसुद्धा मुद्दाम जाड घेतलेली होती.

टाकीत आणखी दोघं होती. एक निळी मासोळी, बोटाएवढी. तिला एका जागी राहणं जमत नसे आणि एखादी गोष्ट ठाऊक नसली की तिचं पोट दुखत असे. दुसरा एक खेकडा, रिकाम्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा. त्याचे दोन भाऊबंद कोळंबीने शंखासकट फोडून खाल्ले होते. तेव्हापासून तो टाकीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि कोळंबीच्या खडकाकडे चुकूनही फिरकत नसे. यात घाबरटपणा काही नव्हता. तुम्ही-आम्हीही हेच केलं असतं.

एका सकाळी कोळंबी आपल्या खडकातल्या बिळाचं तोंड बंद करू लागली. खडे आणि शिंपल्यांचे तुकडे ओढून आणायचे, आतून रचायचे, पुन्हा बाहेर यायचं. मासोळी लगेच तिथं हजर.

"दार का लावतेस गं?"

"काम आहे."

"किती दिवसांचं?"

"संपेपर्यंतचं," कोळंबी म्हणाली आणि शेवटचा खडा आतून ओढून घेतला.

पहिला दिवस मासोळीने कसाबसा काढला. तिसऱ्या दिवशी ती खडकाभोवती घिरट्या घालू लागली. सहाव्या दिवशी तिने खाणं अर्धं केलं. कधी दाराला डोळा लावायची, कधी शेपटी, कधी नुसतीच समोर थरथरत उभी राहायची. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी ती टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

"खेकडेदादा, ती मेली असेल का?"

"ती कात टाकतेय," खेकडा म्हणाला. "आमचं कवच अंगाबरोबर वाढत नाही. ते सोडून नवं घालावं लागतं. नवं कवच टणक होईपर्यंत अंग ओल्या पिठासारखं असतं. म्हणून दार लावलंय. तू तिथून लांब राहा."

"तुला काय ठाऊक?"

"मीही कात टाकतो. गेल्या महिन्यात मी आठ दिवस दिसलो नाही, तेव्हा तू एकदा तरी विचारलंस का?"

मासोळीने खरंच विचारलं नव्हतं. खेकडा दिसला काय, न दिसला काय, त्याच्याकडे पाहतंय कोण. पण ती वरमली नाही. "तुला तर ती मेलेलीच हवी असेल," ती म्हणाली. "तुझे भाऊ खाल्लेत तिने."

"हवी आहेच," खेकडा म्हणाला. "पण तू विचारलंस म्हणून खरं ते सांगितलं."

मासोळीला ते पटलं नाही. खरं म्हणजे पटलं होतं, पण त्याने तिची तगमग काही थांबली नाही. अकराव्या दिवशी ती दाराशी गेली आणि तोंडाने एक खडा ओढू लागली. फक्त एक. एवढीशी फट पडली, एवढंसं दिसलं, की बास.

आता काचेच्या बाहेर या. हा समुद्र होता निशिकांत काळमेघ याचा. त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं वर्कशॉप होतं आणि त्यात तो पटाईत होता. गप्प झालेली मोटार त्याच्या टेबलावर आली की पाचव्या मिनिटाला ती खोललेली असायची. उघडून पाहिल्याशिवाय दुखणं कळत नाही, हे तो पंधरा वर्षांत शिकला होता, आणि मोटारींच्या बाबतीत ते अगदी बरोबर होतं. कोळंबीवर त्याचा फार जीव. सकाळी चहाचा कप घेऊन तो टाकीसमोर बसायचा आणि चिमट्याने तिला शिंपला द्यायचा. अकरा दिवस त्याने बंद दारासमोर बसून चहा प्यायला होता. आणि त्या सकाळी त्याला दिसलं, की मासोळी दार उकरते आहे.

"ऋजुता, इकडं ये," त्याने बायकोला हाक मारली. "हे पाह्य. मासोळी दार उकरून राहिली. आत मरून सडली असंल, त्याचा वास लागला तिला."

ऋजुता दवाखान्यात नर्स होती आणि सकाळच्या ड्यूटीसाठी निघत होती. तिने वाकून पाहिलं. "पाण्याला वास येते का?"

"नाही अजून."

"मग?"

"मग काय? वास येईपर्यंत थांबू? एक सडलं तर पूर्ण टाकीचं पाणी जाते. सगळे मरतीन."

"ते टाकीच्या दुकानवाले सांगत होते ना, ही बाई महिना-महिना दार लावून बसते म्हणून?"

"दुकानवाल्याच्या घरी आहे का टाकी?"

"निशिकांत, पट्टी रोज उघडून पाहिली ना, तर जखम भरत नाही. मी रोज सांगते हे पेशंटच्या नातेवाइकांना. तू पण तसाच," ऋजुता म्हणाली आणि चप्पल घालता घालता वळून म्हणाली, "मी येईपर्यंत हात नको लावू."

तो बरं म्हणाला. आणि खरंच थांबला, वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत त्याने पाण्यात बोट बुडवून ते तीनदा हुंगलं. मासोळीने तेवढ्यात दुसरा खडा काढला. तो तिच्याकडे पाहून घाबरत होता आणि ती त्याच्याकडे पाहून. काचेशी आलेला त्याचा चेहरा पाहून तिला वाटलं, ज्याअर्थी एवढा मोठा प्राणीही घाबरलाय, त्याअर्थी आत नक्कीच काहीतरी भयंकर झालंय. ती आणखी जोरात उकरू लागली. एकविसाव्या मिनिटाला निशिकांतने बाही वर केली, खडक उचलला आणि टाकीच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवला. मग बांबूच्या काडीने एक एक खडा टोकरून त्याने सगळं दार पाडलं आणि आत टॉर्च मारला.

कोळंबी जिवंत होती. फिकट, सुरकुतलेली, जुनं कवच शेजारी गळून पडलेलं. अंगावर प्रकाश पडला तशी ती मागे सरकली, पण मागे दगड होता. निशिकांतला इतका आनंद झाला, की त्याने ती हलते का हे पाहायला बोट पुढं केलं. कोळंबीकडे दुसरा कोणताच उपाय नव्हता. तिने मूठ मारली. शिंपले फोडणारी ती मूठ त्याच्या बोटावर बसली आणि त्याला वाटलं, भिजलेला कागद लागला. मूठ मात्र मधोमध वाकली आणि तशीच लोंबत राहिली.

त्याने ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. घाईघाईने त्याने खडक टाकीत परत ठेवला, पण ठेवताना बिळाचं तोंड काचेकडे करून ठेवलं, म्हणजे आता तरी ती दिसत राहील. दाराचे खडे बादलीच्या तळाशीच राहिले.

मुलांनो, जरा कल्पना करा. अंगावर कवच नाही, मूठ मोडलेली, घराला दार नाही आणि समोर दिव्याचा झगझगीत उजेड. मासोळी बिळाच्या तोंडाशी आलीच होती.

"तू मऊ झालीस?" ती म्हणाली. तिच्या आवाजात खरोखर काळजी होती. "बघू, किती मऊ?" आणि तिने तोंडाने कोळंबीच्या बाजूला हलकेच टोचून पाहिलं. तिथं एक छोटा ओरखडा उठला. "दुखलं का?" असं म्हणत मासोळीने पुन्हा टोचलं. टोचल्याशिवाय तिला कळणार कसं?

टाकीच्या दुसऱ्या टोकाला खेकडा हे पाहत होता. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं, तर त्याचं आयुष्यभराचं भय संपलं असतं, आणि त्यासाठी त्याला काहीही करावं लागणार नव्हतं. त्याने डोळे आत घेतले. बाहेर काढले. पुन्हा आत घेतले. मग तो निघाला, शंख ओढत, ज्या वाटेवर त्याने कधी पाय टाकला नव्हता त्या वाटेने. मासोळीला नांगी उगारून त्याने बाजूला केलं, बिळाच्या तोंडाशी आला, वळला, आणि आपला शंख उलटा आत सरकवून तोंड गच्च बुजवून टाकलं. तोंड बाहेर, पाठ कोळंबीकडे.

"अरे, ती कशी आहे आत?" मासोळीने विचारलं.

"माहीत नाही."

"बघ ना वळून."

"बघायला आलो नाही मी."

"आणि ती टणक झाली, मूठ चालली, तर पहिला तूच आहेस समोर."

"ठाऊक आहे," खेकडा म्हणाला. आणि त्याने शंख आणखी घट्ट रोवला.

पुढचे दिवस त्याला फार लांब गेले. पाठीमागे काय चाललंय हे त्याला दिसत नव्हतं, आणि ती किती टणक झाली हे कळायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे तिने मूठ मारणं. आत जरा सळसळ झाली की त्याचे दहाही पाय आखडायचे. वाहत आलेला एखादा कण मिळाला तर तो खायचा, नाहीतर उपाशी. मासोळी तासातासाला येऊन विचारायची आणि तो तासातासाला तेच उत्तर द्यायचा.

आठव्या दिवशी दुपारी मागून शंखाला काहीतरी लागलं. खेकड्याने डोळे मिटले. पण तो ठोसा नव्हता. कुणीतरी शंखाला खांदा लावून ढकलत होतं, जडपणे, आणखी एकदा. कोळंबीला बाहेर यायचं होतं. खेकडा बाजूला झाला आणि मागे न बघता जितक्या वेगाने शंख ओढता येईल तितक्या वेगाने टाकीच्या दुसऱ्या टोकाला गेला. कोळंबीने एक डोळा त्याच्याकडे वळवला आणि तो दिसेनासा होईपर्यंत तसाच ठेवला. ती त्याची मैत्रीण वगैरे झाली नाही. कोळंबी कोळंबीच राहिली. पण त्या दिवशी ती त्याच्या मागे गेली नाही.

संध्याकाळी निशिकांतने तिला पाहिलं. हिरवी-निळी, तकतकीत, आणि एक मूठ वाकडी.

"पाह्य ऋजुता, वाचली," तो म्हणाला. "मी वेळेवर खोललं म्हणून."

"तू खोललं म्हणून तिचा हात मोडला," ऋजुता म्हणाली. "वाचली ती त्या खेकड्यानं दार लावलं म्हणून. आठ दिवस मी पाहून राहिली."

निशिकांत टाकीपाशी वाकला. कोळंबी एका मुठीने शिंपला फोडायचा प्रयत्न करत होती आणि शिंपला घरंगळत होता. त्याने चिमटा घेतला, शिंपला स्वतः फोडून तिच्यापुढं धरला.

"हात येते म्हणतेत परत," ऋजुता जरा मऊ आवाजात म्हणाली. "अजून दोन-तीनदा कात टाकली की."

"म्हणजे ती परत दार लावंल."

"लावंलच."

"मग मी काय करू तवा?"

"टाकीवर चादर टाकू," ऋजुता म्हणाली. "नाहीतर सरळ तुझ्या तोंडावर टाकू, ते सोपं जाईल."

तात्पर्य, आणि हे घरातल्या मोठ्यांनाही मोठ्याने वाचून दाखवा : आपला जीव शांत व्हावा म्हणून दुसऱ्याचं बंद दार उघडणं ही काळजी नव्हे, दाराकडे पाठ करून, काही न कळता, राखण करत थांबणं ही काळजी.