चौथा खांदा

"वस्ताद, खरं सांगा. त्या परदेशातल्या डोंगरी पोरांना मी चढावर गाठीन का नाही?"

बाबालाल वस्तादानं मान वर केली नाही. घाटमाथ्यावरच्या झाडाखाली बसून म्हातारा विळ्यानं काठी तासत होता.

मल्हारीला पहिल्यांदा सायकलवर बसवलं ते ह्याच म्हाताऱ्यानं. आता मल्हारी पगारी गडी. छातीवर कंपनीचं नाव, शर्यती परदेशात. परवाचं विमान. पण वस्तादाच्या तोंडून 'होय' ऐकल्याशिवाय त्याचा पाय निघेना.

"ती पोरं जन्मली तीच चढावर. पण मीही कसर ठेवली नाही. भात सोडला, गोड सोडलं. दम वाढावा म्हणून बर्फाच्या मुलखात जाऊन राहिलो. आत्ता अख्खा घाट चढून आलोय. घाम तरी दिसतोय का?"

"न्हाई दिसत. रडलेलाबी दिसत न्हाईस."

मल्हारीनं सायकल पुढं केली.

"आणि ही सायकल. नुसता कागद! हातात घेऊन तर बघा."

"मी कशाला? तूच घे. खांद्यावर घे."

मल्हारीनं हसत उचलली.

"आता चाल त्या वळणापत्तूर. पर दमानं. शर्यतीतल्यागत नगं."

"मग कसं?"

"चौघांत चालतात तसं."

मल्हारी दोन पावलं चालला... आणि थांबला.

वळणाखाली ओढ्याकाठी गावाचं मसणवट. पत्र्याचं छप्पर वरूनही दिसतं. पावसाळ्यात त्याच्या बापाला तिथंच नेलं. बाप गेल्याचा फोन वेळेत लागला होता. मल्हारी आला नाही.

"संघाची निवड चालली होती, वस्ताद. आलो असतो तर नाव कटलं असतं."

"व्हय. तुझा बापबी हेच म्हणायचा. आजारी पडला तवापासनं एकच... 'पोराला कळवू नका, त्याचा दम तुटंल.'"

"मग...?"

"मग काय? खांद्याला तीन भाऊबंद जमले. चौथी जागा लेकाची. वाट बघितली जराशी. मग मीच शिरलो."

"तुमचे गुडघे—"

"गुडघ्यांचं काय घेऊन बसलास? वजनच न्हवतं रं त्याला. हाय का न्हाई, तेबी कळंना."

मल्हारीच्या खांद्यावर सायकल तशीच. खाली ठेवावी तर ती ठेवायची कशी, तेच त्याला सुचेना.

उसाचा ट्रक कण्हत वर आला. धूर सोडून पलीकडे उतरला.

"वस्ताद..." मल्हारी वळला. "जिंकीन का मी?"

म्हाताऱ्यानं विळा बाजूला ठेवला. पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

"जिंकशील की. तुला मागं ओढणारं आता खाली कोण ऱ्हायलंय?"