केरूचे गालबोट

एकदा एक शिष्य अध्ययन पूर्ण झाल्यावर गुरूंच्या पायांशी बसला, तो नवे नाव मागण्यासाठी. त्याचे नाव केरू. दुसऱ्या दिवशी विद्वानांच्या सभेत त्याचा सत्कार व्हायचा होता, आणि भालदार तिथे हेच नाव पुकारणार, या कल्पनेने त्याला घास गिळवत नव्हता.

"गुरुजी, सहाध्यायी विचारतात, 'आज केरसुणी घरी विसरलास का?' मला विद्याधर असे नाव द्या, नाहीतर मी सभेला जाणार नाही."

गुरुजी काही बोलणार, तोच शेजारची सून तान्ह्या बाळाला पायांवर घालण्यासाठी घेऊन आली. बाळ मोठे देखणे. गालावर मात्र काजळाचा ठसठशीत ठिपका.

"चेहरा विद्रूप झाला आहे. पूस तो ठिपका," गुरुजींनी शिष्याला आज्ञा केली.

शिष्य गोंधळला. एरवी लेकरांना पाहून हरखणारे गुरुजी असे कसे बोलले? पण आज्ञा ती आज्ञा. त्याने उपरण्याचे टोक पुढे करताच त्या बाईने बाळ छातीशी ओढले.

"अहो भावजी, वेड लागलं का? गालबोट आहे ते! दृष्ट लागली म्हणजे?"

शिष्य ओशाळला. गुरुजींनी असे का करायला लावले, हे त्याला उमगेना. प्रश्न होता नावाचा; त्यात हे काजळ कुठून आले?

ती गेल्यावर गुरुजी म्हणाले, "तुला कोणी सांगितले नसेल. तुझ्या आधीची भावंडे पाळण्यातच गेली. तू जन्मलास तेव्हा आईने तुला सुपात घालून उकिरड्यावर ठेवले आणि केर म्हणून उचलून घरी आणले. टाकाऊ वस्तूवर काळाची नजर जात नाही, अशी त्या माउलीची भाबडी समजूत. काळ नावे विचारत नाही, हे मी जाणतो. पण पोटच्या गोळ्याला तिने कोणत्या जिवाने केर म्हटले असेल? मोठेपणी गालबोट पुसण्यात पाप नाही. फक्त जिने लावले, तिला विचारून पूस."

शिष्य घरी गेला. आई चुलीपाशी बसली होती. नाव बदलण्याबद्दल तिला विचारायचे ठरवून तो आत शिरला. पाऊल वाजताच ती न वळता म्हणाली, "आलास का रे, केरू?"

ही हाक त्याने जन्मभर ऐकली होती. त्या हाकेतला सुटकेचा निःश्वास आज प्रथमच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सभेच्या दाराशी भालदाराने नाव विचारले.

"केरू," तो म्हणाला. "आणि जरा मोठ्याने पुकारा. माझी आई अगदी मागे बसली आहे."