वीस हळकुंडांचा हिशोब

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात हळदीची मोठी पेठ होती. होळीच्या सुमारास कढया चुलाणावर चढल्या की शिजत्या हळदीचा वास वेशीबाहेरपर्यंत यायचा. पेठेतल्या मांजरांची पावलंसुद्धा पिवळी असायची. माल पारखायची रीत साधी होती. हळकुंड मोडायचं, त्याचा आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा आणि भाव बोलायचा.

बसाप्पा त्या पेठेचा महाजन. कुणी काय विकावं आणि कुठं बसावं, हे तो ठरवायचा. पुढं म्हातारपणी ते दिवस आठवले की त्याला आधी तो वास आठवायचा आणि मग एक वर्ष आठवायचं.

त्या वर्षी परगावचा एक व्यापारी आला. त्याच्याकडं हळद नव्हती, नुसत्या चिठ्ठ्या होत्या. एक दुप्पट चिठ्ठी. हळदीचा भाव दिवसभरात जेवढ्या हिश्श्यानं चढेल, त्याच्या दुप्पट हिश्श्यानं ती चढणार, आणि उतरला तर दुप्पटच उतरणार. दुसरी उलटी चिठ्ठी. भाव पडला की ती तेवढ्याच हिश्श्यानं वाढणार, भाव वाढला की तेवढ्याच हिश्श्यानं पडणार.

"यात लबाडी नाही ना?" बसाप्पानं विचारलं.

"नाही, महाजन. सगळं चिठ्ठीवर लिहिलंय," व्यापारी म्हणाला.

बसाप्पानं चिठ्ठी वाचली. 'हिशोब रोज संध्याकाळी नव्यानं' असंही तिच्यावर लिहिलेलं होतं. अक्षर स्वच्छ होतं, शिक्का खरा होता. त्यानं बसायला जागा दिली.

गावात यसबा कुंभार आणि मल्हारी तेली शेजारी राहायचे. त्यांच्या आळीला विहीर नव्हती. बायका नदीवरून चढ चढून पाणी आणायच्या. दोघांनी बारा वर्षं पैसे साठवून विहिरीपुरते जमवत आणले होते. चिठ्ठ्या बघून मल्हारीला एक युक्ती सुचली.

"निम्म्याची दुप्पट चिठ्ठी तू घे, निम्म्याची उलटी मी घेतो. भाव कुठंही जाऊ दे, दोघांतला एक जिंकणारच. मग विहिरीचे पैसे बुडतील कसे?"

यसबाला ते पटलं. दोघांनी चिठ्ठ्या घेतल्या आणि सुगी संपेपर्यंत सांभाळून ठेवल्या.

त्या हंगामात भाव मोठा लहरी होता. एक दिवस चौथाईनं चढायचा, दुसऱ्या दिवशी उतरून पुन्हा जागच्या जागी यायचा. असं सात वेळा झालं. शेवटी भाव जिथून निघाला होता तिथंच उभा होता. दोघं मित्र चिठ्ठ्या मोडायला गेले. दोघांच्याही हातात निम्म्याहून कमी पैसे आले.

आधी मल्हारीला वाटलं, यसबानं काहीतरी लपवलंय. यसबालाही मल्हारीबद्दल तेच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसाप्पासमोर उभे राहिले.

व्यापाऱ्याला बोलावणं गेलं. "मी काही खोटं सांगितलं नाही," तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

बसाप्पानं ओट्यावर वीस हळकुंडं मांडली. "हा हळदीचा भाव. चौथाईनं चढला, पंचवीस झाला. दुसऱ्या दिवशी पाचवा हिस्सा उतरला, पुन्हा वीस. आता यसबाची चिठ्ठी. विसावर दुप्पट चढ, म्हणजे निम्म्यानं. झाली तीस." त्यानं आणखी दहा हळकुंडं ठेवली. "मग उतारही दुप्पट, पाचातले दोन हिस्से. तिसातून बारा गेले." त्यानं बारा हळकुंडं बाजूला सारली. उरली अठरा.

"आणि माझी?" मल्हारीनं विचारलं.

"तुझी उलटी. आधी चौथाई गेली, पंधरा राहिली. मग पाचवा हिस्सा वाढला, तीन. तुझीही अठरा." बसाप्पाचा आवाज खाली गेला. "दोन दिवसांत दोघांचाही दहावा हिस्सा गेला. असं सात वेळा झालं. आणि हे मी जागा देण्याआधी मांडून बघायला हवं होतं."

त्याच संध्याकाळी त्यानं दवंडी पिटवली, की पेठेत चिठ्ठ्या बंद.

सकाळी हौसाबाई आली. तिची चार एकर हळद होती. "महाजन, माझा माल शिजवून वाळत पडला होता. दोन दिवसांत बाजारात आणायचा, तेवढ्यात भाव पडेल अशी धास्ती होती. मी दोन दिवसांपुरती उलटी चिठ्ठी घेतली. भाव पडला, पण चिठ्ठीनं भरून काढलं. तुम्ही ती बंद केलीत. आता पुढच्या वर्षी मी काय करू?"

बसाप्पानं ओट्यावर पुन्हा हळकुंडं मांडली. दिवसभर तो दोन-चार दिवसांचे चढउतार मांडून बघत राहिला. दिवेलागणीच्या आत त्यानं दवंडी मागं घेतली आणि नवी रीत घातली. चिठ्ठ्या मिळतील, पण महाजनाच्या ओट्यावर. ज्याला हवी त्यानं वीस हळकुंडं घेऊन चार दिवसांचा चढउतार स्वतःच्या हातानं मांडायचा. व्यापाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. शेवटी किती उरली, हे घेणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं.

पेठेत कुरकूर झाली. "पैसा आमचा, घाम आमचा. अडवणारा हा कोण?" एक सोनार म्हणाला.

"अडवत नाही," बसाप्पा म्हणाला. "मोजून झालं की खुशाल घे."

सोनारानं मोजलं, पुन्हा मोजलं आणि हात झटकून उठला. हौसाबाईनं मोजलं आणि दोन दिवसांची चिठ्ठी घेऊन गेली. पुढच्या सुगीत यसबाही आला. बुडालेलं एका झटक्यात परत मिळवायचं त्याच्या मनात होतं. त्यानं हळकुंडं मांडली, सारली, पुन्हा मांडली. मग उरलेली हळकुंडं गोळा करून त्यानं बाजूला ठेवली.

"महाजन, जिथं खणायचं तिथली जमीन मऊ आहे," अखेर तो म्हणाला. "मजूर लावले नाहीत तर आहे त्या पैशात बांधायला दगड येतील."

तो आणि मल्हारी दोन उन्हाळे खणत होते. ज्या दिवशी पाणी लागलं, त्या दिवशी बसाप्पा काठी टेकत आळीत गेला. मल्हारीच्या बायकोनं पहिला तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानं तो घेतला, पण प्यायच्या आधी यसबाला म्हणाला, "तुमची दोन वर्षं माझ्यामुळं गेली."

यसबा म्हणाला, "प्या, महाजन. गार आहे."

आता ती पेठ नाही, त्या कढयाही नाहीत. पण त्या गावातली म्हातारी माणसं अजून हळकुंडं मांडून नातवंडांना हा हिशोब दाखवतात.

तात्पर्य: जोखमीची वस्तू गावात येऊ देणाऱ्यानं तिचा हिशोब सगळ्यांच्या आधी स्वतः मांडावा, आणि घेणाऱ्याला तो त्याच्याच हातानं मांडायला लावावा. त्यानंतर घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.