खरकटा हात

भर पंगतीत इनामदारांनी नेहमीसारखी बरणी पुढ्यात ओढली, तर लोणच्याला बुरा आलेला! घरातल्या आश्रित यमुनाक्कावर ते गरजले, “विधवेचा हात लागला, नासणारच! उद्या चालती हो.”

अक्का जाणार कुठं? तिनं दुसरी बरणी आणून तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. तेलाखाली फोडी लखलखीत होत्या.

“हीसुद्धा त्याच दिवशी, याच हातानं घातली. कोरड्या हातानं लोणचं नासत नाही, सरकार. जेवता जेवता खरकटा हात आत गेला की नासतं. विधवेला तिखट-आंबट वर्ज्य, म्हणून पंधरा वर्षांत मला एक फोड मिळाली नाही. मग खरकटा हात कुणाचा?”

इनामदारांनी वरणभातानं माखलेली बोटं मिटली.

नवी बरणी पंगतभर फिरली. अक्काला त्यातलीही फोड कुणी दिली नाही.