मलमलीखालच्या काकड्या

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या नगराचं नावसुद्धा आता कोणाला सांगता येत नाही. तिथल्या माणसांचे स्वभाव तेवढे अजून आपल्यात नांदताहेत, म्हणून सांगतो. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

त्या नगरातल्या एका दाट वस्तीच्या आळीत एक माळी, त्याची बायको आणि त्यांची लहानगी लेक राहत. परसात भाजीचे चार वाफे आणि घराच्या माळवदावर आडवी ठेवलेली मातीची मडकी, एवढा त्यांचा संसार. त्या मडक्यांत मधमाश्या होत्या. थंडी पडली की माळीण घरातल्या गोधड्या मडक्यांवर घालायची आणि तिघं मिळून एकाच वाकळेत झोपायची. लेकीनं मध मागितला तर म्हणायची, "आत्ता नाही गं. थंडीत हाच त्यांचा शिधा. फुलं येऊ देत, मग आपण घेऊ."

माघ आला, उन्हाला ऊब आली. लिंबं फुलली, वाफ्यातली कोथिंबीर फुलोऱ्यावर आली. माश्या बाहेर पडल्या आणि बघता बघता मडकी जड झाली.

शेजारी नगरशेटची मोठी बाग होती. मडकी जड झालेली त्यानं भिंतीवरून पाहिली, आणि त्याचा घास गोड लागेना. दुसऱ्याच दिवशी तो दरबारात जाऊन उभा राहिला. माळणीलाही बोलावून घेतलं.

"महाराज, माळणीच्या माश्या चोर आहेत. रस माझ्या बागेतला नेतात आणि मध ही खाते!"

आता, शेटच्या बागेतल्या काकड्यांची पहिली टोपली दर पाडव्याला राजवाड्यात जायची. माणसं खाल्ल्या मिठाला जागतात; हा राजा खाल्ल्या काकडीला जागला. त्यानं निवाडा केला, की माळणीनं अर्धा मध शेटला द्यावा, आणि शेटनं चोरांचा बंदोबस्त हवा तसा करावा.

"चोर?" माळीण म्हणाली. "शेटजींच्या बागेतली एक पाकळी तरी कमी झाली का? झाली असेल तर दाखवा!"

पण तिचं ऐकतो कोण? शिपायांनी तिला बाजूला सारलं. थंडीभर जपलेल्या माश्यांचा अर्धा मध शेटच्या घरी गेला, आणि शेटनं तो पोळीशी चाटून खाल्ला.

मध गेला तो गेला. 'चोर' हा शब्द मात्र आळीतच राहिला. लेक विहिरीवर गेली की पोरं ओरडायची, "आली बघा चोरांची पोर!" एक दिवस ती घरी येऊन विचारती झाली, "आई, आपण खरंच चोर आहोत का गं?"

माळणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

माळी बिचारा भित्रा. म्हणाला, "जाऊ दे. मोठ्यांशी वैर नको."

"मध गेला तो जाऊ दिला," ती म्हणाली. "हा शब्द मी जाऊ देणार नाही."

इकडे शेटनं काकडीच्या अख्ख्या मांडवाला मलमल गुंडाळली आणि माश्या हाकलायला थाळी बडवणारा गडी बसवला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात, ते याला तंतोतंत लागू.

फाल्गुनात मलमलीखाली वेल पिवळ्याजर्द फुलांनी भरले. कितीतरी फुलांमागे करंगळीएवढी काकडी दिसू लागली. शेट खूश झाला. पण त्या काकड्या वाढेनात. पिवळ्या पडल्या, सुकल्या आणि गळून गेल्या. भिंतीपलीकडे माळणीच्या परसातले दोन वेल मात्र भारानं वाकले होते.

पाडव्याला शेटची टोपली रिकामी. शहाण्या माणसानं अशा वेळी आधी आपली मलमल तपासली असती. शेट दरबारात धावला.

"महाराज, माळणीनं माझ्या बागेवर करणी केली! तिला नगराबाहेर हाकला!"

माळणीला बोलावणं आलं. लेक पदर धरून मागे उभी होती.

"ह्याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा!" माळीण कडाडली. "महाराज, मांडवाचा एकच कोपरा उघडा आणि थाळी बंद करा. बाकी शेटजींची मलमल असू दे. त्या कोपऱ्यात काकडी धरली नाही, तर मी स्वतःहून नगर सोडते."

राजाला यंदा काकडी मिळाली नव्हती. तो लगेच कबूल झाला.

कोपरा उघडला. माळवदावरच्या माश्या मनात काही न ठेवता तिथे आल्या. पंधरवडा सरतो न सरतो, तो त्या कोपऱ्यात हिरव्यागार काकड्या लोंबू लागल्या. बाकीच्या मांडवात नुसती सुकलेली फुलं. सगळी आळी भिंतीवरून बघत होती. राजाही आला.

माळणीनं एक फूल हातात धरलं. "माशी रस घेते, ते खरं. पण जाताना या फुलाचा पराग त्या फुलाला लावून जाते. त्याशिवाय काकडी धरत नाही. रस ही तिची मजुरी आहे. शेटजींनी राबणारीला चोर म्हटलं, आणि वर तिच्या कष्टाचा मध खाल्ला!"

राजा ओशाळला. "अर्धा मध परत देववतो," तो म्हणाला.

"तो त्यांच्या पोटात गेला, महाराज. मला मध नको. भर दरबारात चोर म्हणालात, तो शब्द भर आळीत परत घ्या. माझ्या लेकीला ऐकू जाईल असा."

राजानं आळीत उभं राहून आपली चूक कबूल केली. मग शेटला शिडीवरून माळवदावर चढावं लागलं. मडक्यांपुढे हात जोडून तो पुटपुटला, "तुम्ही चोर नाही. चोर मी."

"मोठ्यानं!" खालून लेक म्हणाली.

शेटनं मोठ्यानं म्हटलं. माश्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. त्या त्याच्या पगडीवरून उडत त्याच्याच बागेकडे निघाल्या होत्या, आणि तिथे गडी घाईघाईनं मलमल सोडत होते.

म्हणून ध्यानात ठेवा: आपल्या दारातून गेलेलं तेवढंच जो मोजतो, त्याच्या दारी येणारंही एक दिवस यायचं थांबतं.