मोडेम गप्प बसला

टेलिफोनच्या तारेतूनच इंटरनेट यायचं, त्या काळातली ही गोष्ट. किनाऱ्यावरच्या एका दवाखान्यात फळीवर एक मोडेम होता आणि शेजारी त्याच्यावर नजर ठेवणारी पेटी.

पेटी सारखी विचारायची, "जागा आहेस ना?"

"जागा आहे. पण बाहेरची तार फांदीला घासून सोललीय. माझ्याकडून काहीच पुढे जात नाही."

"मला फक्त जागा आहेस का ते विचारायला सांगितलंय," असं म्हणून पेटी टेलिफोन खात्यातल्या साहेबांना एसेमेस करायची, 'सर्व ठीक.'

एकदा मासेमारी करणारा काशिनाथ तांडेल छातीत कळ येऊन आला. डॉक्टर मुलाणीबाई त्याचा ईसीजी शहरातल्या तज्ज्ञांना पाठवू लागल्या, पण तो जाईना. त्यांनी मोबाइलवरून साहेबांना फोन केला.

"मॅडम, इथे सगळं ठीक दिसतंय. मोडेम बंद करून परत चालू करा."

बाईंनी ते पुन्हा पुन्हा केलं. शेवटी काशिनाथला जीपमध्ये घालून शहरात न्यावं लागलं. तो वाचला, पण उपचाराला उशीर झाला आणि त्याचं समुद्रावर जाणं कायमचं सुटलं.

हे कळल्यावर मोडेम संतापला. पेटीने विचारलं तेव्हा त्याने उत्तरच दिलं नाही. घाबरून पेटीने कळवलं, 'मोडेम मेला.'

लगेच साहेब आले, शिडी घेऊन वायरमन आला. नवी तार ओढली गेली.

"या पेटीमुळे वेळेवर कळलं," साहेब म्हणाले.

पेटी फुलून गेली. मोडेम तिला म्हणाला, "खरं सांगत होतो, तेव्हा कुणी फिरकलं नाही. गप्प बसलो, तर सगळे धावले. आता तूच सांग, मी यातून काय शिकायचं?"