खैराच्या घाटातलं ‘आहे’

मघाशी या वळणाखालून हाक आली, “कुणी आहे का?” आणि तुमच्यातल्या या साहेबांनी हौसेने ओरडून सांगितलं, “कुणी नाही!” पाहुणे आहात म्हणून सोडलं. खैराच्या घाटात ते दोन शब्द आम्ही तोंडातून काढत नाही. बसा या कठड्यावर, सांगतो.

पूर्वी ही बैलगाड्यांची वाट होती आणि एका वेळी एकच गाडी मावायची. म्हणून वळणाआधी गाडीवान हाक द्यायचा, “कुणी आहे का?” पलीकडच्या वाटसरूने “कुणी नाही” म्हटलं की रस्ता मोकळा समजून बैल हाकायचे.

घाटमाथ्यावर भिकाजी सुताराचं घर होतं. उतारावर निघालेल्या गाडीचं चाक काढून तो वंगण घालायचा आणि चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी खीळ ठोकायचा. त्या खिळीला आमच्याकडे ‘कुणी’ म्हणतात. एके दिवशी येसू गाडीवानाच्या गाडीत त्याची लेक चंद्री होती. बाळंतपणानंतर तान्ह्या मुलाला घेऊन सासरी निघालेली. निरोप देताना म्हाताऱ्याला काही सुचेना. गाडी दिसेनाशी झाल्यावर त्याने डोळे पुसायला उपरणं ओढलं, तर कमरेला खोचलेली कुणी खणकन खाली पडली!

तिथेच दत्ताराम कंपाउंडर पाणी प्यायला थांबला होता. या मुलखातली पहिली सायकल त्याची, असं सांगतात. भिकाजी किंचाळला, “अरे पळ! येसू गाडीवानाला सांग, कुणी नाही! चाकाला कुणी नाही!”

दत्तारामाने टांग मारली. उतार असा, की पायडलवर पाय ठरेना. समोर गाडी वळणाशी पोचलेली आणि येसूने नुकतीच ‘कुणी आहे का?’ अशी हाक दिलेली. “थांब” म्हणायचं बिचाऱ्याला सुचलंच नाही हो! कानात सुताराचे शब्द होते, तेच तो जीव तोडून ओरडला, “कुणी नाही! कुणी नाही!”

रस्ता मोकळा असल्याचं उत्तर समजून येसूने वळूनही पाहिलं नाही. ‘कळलं’ म्हणून हात वर केला आणि बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. गाडी पळाली. दरीकडचं चाक डुगडुगत बाहेर सरकू लागलं.

आपल्याच ओरडण्याने गाडी पळाली, हे दत्तारामाला कळलं. त्याने ब्रेक सोडला, दरीच्या कडेने गाडीपुढे गेला आणि सायकल बैलांसमोर आडवी घातली. बैल बुजून डोंगराकडे वळले, गाडी दरडीला टेकली. चाक मात्र निसटलं, ते दत्तारामाला घेऊनच खाली गेलं.

येसू दरीत वाकून हाका मारत राहिला म्हणे, “कुणी आहे का? अरे, कुणी आहे का?” खालून उत्तर येईना. चंद्रीला ते सोसवेना. बाळाला छातीशी धरून गाडीतूनच ती ओरडली, “आहे! आहे म्हणा कुणीतरी!”

आजही इथे कुणी हाक दिली, की रस्ता मोकळा असला तरी उत्तर येतं, “आहे.” ते ऐकून येणारा-जाणारा सायकलवाला खाली उतरतो, सायकल डोंगराच्या अंगाला घेतो आणि दरीकडची वाट मोकळी ठेवून दत्तारामाला जाऊ देतो.